तासाभरानं आपोआप बंद पडणारं व्हीएम : मालवेअर तपासताना विंडोजच्या लायसन्सचा घोळ

दारव्ह्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आजूबाजूच्या गावांत सेवा केंद्र चालवणारे लोक पेनड्राइव्ह घेऊन येतात. फोल्डर गायब झालेले असतात, त्यांच्या जागी शॉर्टकट दिसतात, सातबारा उघडायला गेलं की एक काळी खिडकी चमकून जाते. जुलैत पीक विम्याच्या अर्जांची गर्दी सुरू झाली की अशा पेनड्राइव्हची रीघ लागते, कारण एकच पेनड्राइव्ह चार-पाच केंद्रांतून फिरून आलेला असतो. पूर्वी मी ते साफ करून परत द्यायचो. पण नुसतं साफ करून भागत नाही, तोच किडा, म्हणजे मालवेअर, आठवड्यात परत येतो. म्हणून आता आत काय आहे ते व्हर्च्युअल मशीनमध्ये (व्हीएम, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर) उघडून पाहतो, आणि संध्याकाळी कॉलेजची तीन पोरं तेच शिकायला येतात.

या व्हीएमनं आम्हाला दर तीन-चार महिन्यांनी एकच त्रास दिला. तो कायमचा मिटवायला मला जवळपास दोन वर्षं लागली. ज्यांच्याकडे अशीच छोटी लॅब आहे त्यांची तरी तेवढी वर्षं जाऊ नयेत, म्हणून सविस्तर लिहितो.

लक्षण असं : व्हीएम नीट सुरू होतं, सॅम्पल (तपासायची संशयित फाइल) चालवतो, प्रोसेस मॉनिटर (कोणता प्रोग्राम काय करतोय ते दाखवणारं साधन) लावून बसतो आणि साधारण तासाभरात विंडोज स्वतःहून शटडाउन होतं. डेस्कटॉपची पार्श्वभूमी काळी पडलेली असते, कोपऱ्यात विंडोज अस्सल नसल्याची सूचना असते. पहिल्यांदा हे झालं तेव्हा पोरगा म्हणाला, "भाऊ, हे काहून बंद पडून रायलं? आताच तं चालू केलं होतं." मलाही वाटलं, सॅम्पलच मशीन बंद करतंय. दोन संध्याकाळ आम्ही त्या फाइलमध्ये शटडाउनची कमांड शोधत बसलो. ती नव्हतीच.

नुकसान नुसतं वेळेचं नाही. बरंच मालवेअर उघडल्याबरोबर काही करत नाही. तपासणाऱ्याला कंटाळा यावा म्हणून ते मुद्दाम झोपून राहतं, कधी दहा मिनिटं, कधी त्याहून कितीतरी जास्त. तासाभरात व्हीएमच मेलं तर खरं काम सुरू होण्याआधीच आपण "यात काही नाही" असा निकाल देऊन मोकळे होतो आणि तो पेनड्राइव्ह परत गावात जातो. म्हणून मी हा लायसन्सचा प्रश्न तपासणीच्या अचूकतेचा प्रश्न मानतो.

आधी खात्री करा, बंद कोण करतंय

इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्समध्ये सिस्टिम निवडा आणि १०७४ क्रमांकाची नोंद शोधा. कोणत्या प्रोसेसनं मशीन बंद केलं ते तिथं लिहिलेलं असतं. प्रोसेसचं नाव डब्ल्यूएलएमएस डॉट एक्झी असेल आणि खाली या विंडोजच्या लायसन्सची मुदत संपली आहे अशा अर्थाचा शेरा असेल, तर मालवेअर निर्दोष आहे. ही विंडोजची स्वतःची लायसन्सवर नजर ठेवणारी सेवा आहे आणि ती फक्त एव्हॅल्युएशन (पारखायला दिलेल्या, ठरावीक मुदतीच्या) प्रतीत असते.

१०७४ ऐवजी ४१ किंवा ६००८ क्रमांक दिसला तर मशीन अचानक गेलं, कुणी ठरवून बंद केलं नाही. आमच्याकडे त्याचा अर्थ बहुतेक वेळा लाइट गेली आणि इन्व्हर्टरनं झटका खाल्ला, एवढाच असतो. तिथं लायसन्स शोधत बसू नका. आणि १०७४ मध्ये तिसऱ्याच एखाद्या प्रोसेसचं नाव आलं, तर मात्र ते सॅम्पल खरंच बघण्यासारखं आहे.

मग कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून दोन कमांड द्या. एसएलएमजीआर /एक्सपीआर दिल्यावर मुदत कधी संपते ते कळतं. एसएलएमजीआर /डीएलव्ही दिल्यावर मोठी खिडकी उघडते. तीत प्रत कोणती आहे (एव्हॅल्युएशन, सुटी विकत घेतलेली रिटेल, की संस्थेसाठीची व्हॉल्यूम), लायसन्सची अवस्था काय आहे आणि रीआर्म (मुदत नव्यानं सुरू करण्याची सोय) किती वेळा शिल्लक आहे हे सगळं असतं. ही खिडकी वाचल्याशिवाय पुढं काहीही करू नका. आम्ही पहिल्या वर्षी न वाचताच उपाय करत सुटलो होतो.

मुदत संपली, किंवा मुदत सुरूच झाली नाही

विंडोज एंटरप्रायझची एव्हॅल्युएशन प्रत ९० दिवस चालते, विंडोज सर्व्हरची १८०. मुदत संपली की काळा डेस्कटॉप आणि दर तासाला शटडाउन, हे मायक्रोसॉफ्टनं ठरवूनच ठेवलेलं आहे. इथवर बहुतेकांना माहीत असतं.

माहीत नसतं ते हे : ही प्रत इंटरनेटवर एकदा अॅक्टिव्हेट व्हावी लागते. तशी झाली नाही तरीही शेवटी तेच होतं. मालवेअरची लॅब म्हटलं की आपण शहाणपणानं पहिल्या दिवसापासून नेटवर्क होस्ट-ओन्ली ठेवतो, म्हणजे व्हीएम फक्त होस्टशी, ज्यावर ते चालतं त्या खऱ्या मशीनशी, बोलू शकतं. विंडोजला बाहेरचं जगच दिसत नाही, अॅक्टिव्हेशन होत नाही, आणि थोड्याच दिवसांत नवंकोरं व्हीएम बंद पडायला लागतं. "९० दिवस तं झालेच नाही भाऊ!" असं पोरं म्हणत होती आणि त्यांचं बरोबर होतं.

इथंच माझ्या हातून सर्वांत मोठी चूक झाली. अॅक्टिव्हेशन राहिलंय हे कळल्यावर मी चालू व्हीएमचं नेटवर्क होस्ट-ओन्लीवरून नॅटवर (होस्टच्या कनेक्शनवरून इंटरनेट देणाऱ्या प्रकारावर) टाकलं. आदल्या दिवशी त्याच व्हीएममध्ये एक सॅम्पल चालवलं होतं आणि स्नॅपशॉटवर (व्हीएमच्या जपून ठेवलेल्या आधीच्या अवस्थेवर) परत आलोय की नाही हे मी पाहिलं नव्हतं. परत आलो नव्हतो. दोन मिनिटांत वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरची ये-जा दाखवणाऱ्या साधनात) अनोळखी पत्त्यांकडे जाणाऱ्या विनंत्यांची रांग लागली आणि त्याच कनेक्शनवर माझ्या दुकानाचं बिलिंगचं मशीन होतं. मी राउटरची वायर उपटली. त्या रात्री दुकानातली सगळी मशीन एकेक करून तपासली, पहाट झाली.

तेव्हापासून नियम एकच आहे. ज्या व्हीएममध्ये एकदाही सॅम्पल चाललं, त्याला लायसन्ससाठी इंटरनेट कधीच द्यायचं नाही. अॅक्टिव्हेशन फक्त कोऱ्या व्हीएममध्ये, सॅम्पलची फाइल आत जाण्याआधी.

एकाच व्हीएमची दोन वागणी

याच्यावर आम्ही सर्वांत जास्त डोकं फोडलं. एकाच व्हीएमचे दोन स्नॅपशॉट होते, एक चालू मशीनचा आणि एक बंद मशीनचा. चालू मशीनच्या स्नॅपशॉटवरून काम चालायचं, बंद मशीनच्या स्नॅपशॉटवरून सुरू केलं की मुदत संपलेली. आत सगळं सारखं, लायसन्स सारखं.

कारण घड्याळ. बंद मशीन सुरू होताना विंडोज व्हीएमच्या हार्डवेअर घड्याळाकडून तारीख घेतं आणि ते घड्याळ होस्टच्या तारखेवर चालतं. म्हणून त्याला आजची खरी तारीख कळते आणि मुदत संपलेली दिसते. चालू मशीनचा स्नॅपशॉट उघडला की विंडोज स्नॅपशॉटच्या वेळचीच तारीख धरून काही वेळ तसंच चालतं. एरवी गेस्ट अॅडिशन्स (व्हीएमच्या आत बसवायची जोड-साधनं) ती दुरुस्त करतात, पण मालवेअरला व्हीएम ओळखू येऊ नये म्हणून आपण त्या काढून टाकलेल्या असतात.

हे कळल्यावर एका पोराच्या डोक्यात लगेच आलं की मग तारीख मागेच ठेवू, म्हणजे ९० दिवस कधी संपणारच नाहीत. मी त्याला तसं करू दिलं नाही. एक तर ती लायसन्सच्या अटींची फसवणूक आहे, आणि जो धंदा लोकांच्या फसवणुकीचा माग काढतो त्यात अशी सुरुवात मला चालत नाही. दुसरं, तारीख खोटी असली की तपासणीही खोटी होते. ठरावीक तारखेनंतरच जागं होणारं मालवेअर असतं. सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं तारखेवर अवलंबून असतात, ती चुकली की सॅम्पलच्या नेटवर्कच्या हालचालीही वेगळ्याच दिसतात. आणि लॉगमधली वेळ चुकीची असेल तर कोणती गोष्ट कधी घडली याचा क्रमच हाती लागत नाही.

तारखेचं आणखी एक दुखणं खास आमच्याकडचं. लाइट वारंवार जाते आणि जुन्या होस्ट मशीनच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर२०३२, मेलेला असतो. लाइट गेली की होस्टची तारीख कित्येक वर्षं मागे जाते, व्हीएम तीच तारीख घेतं, आणि अॅक्टिव्हेशन काही केल्या होत नाही, कारण सर्व्हरशी सुरक्षित जोडणीच लागत नाही. आम्ही नेट तपासलं, फायरवॉल तपासलं, विंडोज पुन्हा टाकलं. शेवटी बदलावा लागला तो सेल, कोणत्याही घड्याळवाल्याकडे मिळणारा. व्हीएममध्ये तारखेची शंका आली की आधी होस्टची तारीख पाहा.

रिटेल लायसन्स घेतलं, तरी पुन्हा अॅक्टिव्हेट करा म्हणतं

पुढं मी विंडोज प्रोचं एक रिटेल लायसन्स विकत घेतलं. वाटलं, सुटलो. महिन्याभरात ०एक्ससी००४एफ२११ हा एरर आला. त्याचा अर्थ हार्डवेअर बदललं.

व्हीएमचं हार्डवेअर कसं बदलेल? आपणच बदलतो. मालवेअर नेटवर्क कार्डच्या मॅक पत्त्याची पहिली अक्षरं बघतं. ०८:००:२७ दिसलं की व्हर्च्युअलबॉक्स, ००:०सी:२९ दिसलं की व्हीएमवेअर, आणि मग ते गप्प बसतं. म्हणून आपण मॅक पत्ता बदलतो, बायोसमधलं कंपनीचं नाव बदलतो. विंडोजच्या नजरेत हे नवं यंत्र असतं, कारण अॅक्टिव्हेशन या हार्डवेअरच्या ओळखीशीच बांधलेलं असतं. व्हीएमवेअरमध्ये व्हीएम दुसऱ्या मशीनवर नेलं की ते विचारतं, हलवलं की कॉपी केलं? "कॉपी केलं" म्हटलं की नवा यूयूआयडी (मशीनचा ओळख क्रमांक) आणि नवा मॅक पत्ता मिळतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये क्लोन (व्हीएमची हुबेहूब नक्कल) करताना मॅक पत्त्यांचं धोरण आणि हार्डवेअरचा यूयूआयडी तसाच ठेवायचा की नाही, हे दोन पर्याय असतात. जागा बदलताना जुनं व्हीएम काढूनच टाकणार असाल तर दोन्ही तसेच ठेवा. दोन्ही व्हीएम चालवणार असाल तर ती दोन विंडोज झाली, आणि रिटेल लायसन्स एकाच विंडोजपुरतं असतं, मग ते खऱ्या मशीनवर असो की व्हर्च्युअल. एकाच व्हीएमचे दहा स्नॅपशॉट चालतात. दहा क्लोन चालत नाहीत.

लॅपटॉपबरोबर आलेलं ओईएम विंडोज त्या लॅपटॉपपुरतंच असतं. "होस्टवर ओरिजिनल आहे नं, मग आतल्याला कायले पायजे?" हा प्रश्न मला सगळेच विचारतात. आतलं विंडोज वेगळं, त्याचं लायसन्स वेगळं.

आणखी एक खड्डा : स्नॅपशॉट आधी, अॅक्टिव्हेशन नंतर. मग स्नॅपशॉटवर परत आलं की विंडोज पुन्हा अनअॅक्टिव्हेटेड, पुन्हा प्रॉडक्ट की टाका, पुन्हा सर्व्हरला विचारा. त्यात हार्डवेअरची ओळख बदललेली असली, तर एक दिवस सर्व्हरच नकार देतो. तेव्हा येतो तो ०एक्ससी००४सी००८, म्हणजे ही प्रॉडक्ट की परवानगीपेक्षा जास्त ठिकाणी वापरली जातेय.

हार्डवेअर बदलल्यावर अॅक्टिव्हेशन परत मिळवायला मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन करा असं सुचवलं जातं. घरच्या मशीनवर तो सल्ला चांगला आहे. मालवेअरच्या व्हीएममध्ये तुमचं खरं खातं कधीही टाकू नका. माहिती चोरणारी सॅम्पल पहिल्यांदा ब्राउझरमधली लॉगिन आणि कुकीच उचलतात, कित्येक तर विंडोजची प्रॉडक्ट कीसुद्धा गोळा करतात.

कॉलेजमधल्या लॅबचं थोडक्यात सांगतो. तिथं व्हॉल्यूम लायसन्स केएमएस सर्व्हरवरून (संस्थेच्या स्वतःच्या अॅक्टिव्हेशन सर्व्हरवरून) चालत असेल तर अॅक्टिव्हेशन १८० दिवस टिकतं आणि विंडोज दर ७ दिवसांनी ते वाढवून घ्यायचा प्रयत्न करतं. तोडून ठेवलेल्या व्हीएमला केएमएस सर्व्हर सापडत नाही, म्हणून सहा महिन्यांनी ते रडायला लागतं. नवीन सर्व्हर उभारायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, विंडोज १० किंवा ११ साठी निदान २५ मशीननी विचारणा केल्याशिवाय केएमएस कुणालाच अॅक्टिव्हेट करत नाही. चार व्हीएमसाठी तो मार्ग नाही.

क्रॅकबद्दल

पेनड्राइव्हमध्ये "अॅक्टिव्हेटर", म्हणजे लायसन्स न घेता विंडोज अॅक्टिव्हेट करणारा क्रॅक, घेऊन फिरणारे प्रत्येक तालुक्यात आहेत. मालवेअरच्या लॅबमध्ये ते वापरणं म्हणजे तपासणीचं पाणी आधीच गढूळ करणं. हे अॅक्टिव्हेटर डिफेंडरमध्ये (विंडोजच्या अँटिव्हायरसमध्ये) अपवाद टाकतात, शेड्यूल्ड टास्क बनवतात, सेवा बसवतात. नंतर सॅम्पल चालवल्यावर जी नवी टास्क दिसते ती सॅम्पलची की अॅक्टिव्हेटरची, हे कसं ठरवणार? शिवाय अॅक्टिव्हेटर स्वतःच सॅम्पल असू शकतो. डिसेंबर २०२१ मध्ये केएमएसपिको या अॅक्टिव्हेटरच्या बनावट इन्स्टॉलरमधून क्रिप्टबॉट हा माहिती चोरणारा मालवेअर पसरत असल्याचं उघड झालं होतं. माझ्याकडे येणाऱ्या संसर्ग झालेल्या मशीनमध्ये असा अॅक्टिव्हेटर इतक्यांदा सापडतो की आता मी पहिल्यांदा तोच शोधतो.

आता आम्ही कसं करतो

सगळ्या घोळाचं मूळ मला शेवटी क्रमात सापडलं. चुकीच्या वेळी स्नॅपशॉट घेतला की वरची प्रत्येक अडचण त्या स्नॅपशॉटमध्ये गोठून बसते आणि दर वेळी नव्यानं बाहेर येते.

होस्टची तारीख तपासून कोरं व्हीएम बनवतो. सर्वांत आधी मॅक पत्ता, बायोसची नावं, मेमरी, डिस्क, जे काही बदलायचं ते विंडोज टाकण्यापूर्वीच बदलतो. मग विंडोज, नेटवर्क नॅट. अपडेट होऊ देतो. फ्लेअर-व्हीएमची स्क्रिप्ट चालवतो. ती तपासणीची साधनं आपोआप बसवते, पण त्यासाठी डिफेंडर आणि टॅम्पर प्रोटेक्शन आधी बंद करावं लागतं, डिस्क ६० जीबी तरी लागते, आणि आमच्या कनेक्शनवर रात्रभर चालू ठेवावं लागतं. सकाळी अॅक्टिव्हेशन झालंय का ते एसएलएमजीआर /डीएलव्ही देऊन पाहतो आणि संपण्याची तारीख वहीत लिहितो. त्यानंतर नेटवर्क होस्ट-ओन्ली, शेअर्ड फोल्डर आणि क्लिपबोर्ड बंद, विंडोज नीट शटडाउन, आणि मग बंद मशीनचा स्नॅपशॉट. त्याच्या नावातच मुदतीची तारीख घालतो.

एव्हॅल्युएशनचं व्हीएम ८० व्या दिवशी मोडून नवं बांधतो. रीआर्मची सोय अधिकृत आहे, एसएलएमजीआर /रीआर्म देऊन मशीन पुन्हा सुरू करायचं, पण ती मोजक्याच वेळा मिळते. स्नॅपशॉटवर मागे जाऊन तीच संधी पुन्हा-पुन्हा वापरणं मी तारीख मागे नेण्यासारखंच समजतो. नव्यानं बांधण्यात फायदाही आहे : साधनं ताजी होतात आणि नव्या पोरांचा हात बसतो. आयएसओ (विंडोज टाकायची फाइल) एकदा उतरवून, त्याचा हॅश (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा ठसा) तपासून बाहेरच्या डिस्कवर ठेवली आहे. दिवस मोजले जातात ते विंडोज टाकल्यापासून, आयएसओ उतरवल्यापासून नाही.

एव्हॅल्युएशन प्रत पारखण्यासाठी असते, म्हणून ती आम्ही शिकण्यापुरती वापरतो. ज्या कामाचे मी पैसे घेतो ते रिटेल लायसन्सच्या व्हीएममध्ये होतं. आणि प्रत्येक फाइलला विंडोज लागतही नाही. शॉर्टकट फाइल, पीडीएफ, मॅक्रो असलेलं वर्ड हे सगळं न चालवता आतून वाचायला रेमनक्स पुरतं. ते लिनक्स आहे, त्याला लायसन्सची मुदत नाही आणि आठ जीबी रॅमच्या जुन्या मशीनवरही ते हलकं चालतं. माझी विंडोजची गरज त्यामुळं अर्ध्यावर आली.

विंडोज १० वर अजून बसलेल्यांसाठी : त्याचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुनं मालवेअर तपासायला ते व्हीएम ठेवायला हरकत नाही, पण नवीन बेस (ज्यावरून काम करायचं ते मूळ व्हीएम) ११ चा करा. त्याला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि ६४ जीबी डिस्क लागते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये टीपीएम ७.० आवृत्तीपासून मिळतं, म्हणजे जुनी आवृत्ती असेल तर आधी ती बदला.

नवा बेस तयार झाला की त्यात लगेच सॅम्पल टाकत नाही. होस्ट-ओन्लीवर रिकामाच दोन तास चालू ठेवतो, मग बंद मशीनच्या स्नॅपशॉटवर परत येऊन आणखी दोन तास. दर फेरीच्या शेवटी, स्नॅपशॉटवर परतण्याआधी, १०७४ ची नोंद पाहतो. डब्ल्यूएलएमएसचं नाव कुठंच आलं नाही, तर वहीत त्या व्हीएमपुढं खूण करतो आणि पोरांना पहिला पेनड्राइव्ह लावायला सांगतो.